आधी आपल्या अंगावर

उकडलेलं अंडं सोलताना बकलदादाची मान वर होईना, आणि घरात कोणालाही त्याचं नवल वाटलं नाही. कमरेच्या पट्ट्यापासून छातीवरून वर एक चामडी पट्टी गेली होती, तिचं टोक हनुवटीखाली अडकवलेलं होतं, आणि त्यामुळे दादाला टेबलाखेरीज काही दिसत नव्हतं. बायकोने मिठाची बाटली त्याच्या नजरेच्या टप्प्यात सरकवली.

"आज जेरबंद का?" तिने विचारलं.

"जेरबंद," दादा टेबलाला म्हणाला.

घोड्याने डोकं वर उडवू नये म्हणून लावतात ती ही पट्टी. घोड्याला लावण्याआधी दादाने ती अर्धा दिवस स्वतः घालायची होती. तसा नियमच होता.

नियम वडिलांचा. तबेल्यातल्या सामानाच्या खोलीच्या दारावर त्यांनी तो स्वतःच्या हाताने पांढऱ्या रंगात लिहून ठेवला होता: ‘जे घोड्याच्या अंगावर, ते आधी आपल्या अंगावर. एक घंटा ते पुढची घंटा.’ घंटा म्हणजे दाण्याची, सकाळी आठची आणि दुपारी एकची. ज्याला घोड्यावर नवीन काही चढवायची हौस येईल, त्याने ते या दोन घंटांच्या मधे स्वतः वागवायचं, आणि तेसुद्धा हातातली कामं न सोडता. पुढे वडील गेले, तबेला धाकट्या बहिणीकडे आला, तिने तिथे घोडेस्वारीची शाळा काढली. नियम दारावर होता तसाच राहिला.

त्याचा सगळ्यात जास्त ताप दादालाच, कारण हौसही त्यालाच. सामानाची खोली त्याच्या ताब्यात होती. खोगीर शिवावं तर दादानेच, रिकिबी घासाव्यात तर दादानेच. हाताला तोड नव्हती. पण जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर त्याच्याकडे औषध एकच, आणखी एक पट्टा आणि त्याला एक बक्कल. एकदा डॉक्टरने त्याला मानेला लावायचा पट्टा दिला, तर आठवड्याने हा तो पट्टा तीन ठिकाणी सुधारून डॉक्टरलाच दाखवायला घेऊन गेला. असा हा बकलदादा.

एक गोष्ट मात्र तो करत नसे. घोड्यावर बसत नसे. अकरा वर्षांपूर्वी एक घोडा त्याला घेऊन उधळला होता. कुंपणापाशी घोडा थांबला, दादा थांबला नाही. पलीकडे शेजाऱ्यांचं काचेचं रोपघर होतं. कोणीही विचारलं की दादाचं उत्तर ठरलेलं असे, "लगामाचं बक्कल तुटलं हो, नाहीतर मी आवरला असता." ते तुटकं बक्कल काही नंतर कोणाला सापडलं नाही. पण त्या दिवसापासून दादाने आपल्या विजारीलासुद्धा दोन बकलांचा पट्टा घेतला, आणि उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं जमिनीवर उभं राहून घोडे सुधारायला लागला.

आता गरीबबद्दल. गरीब हा घोडा. विकणाऱ्या दलालाने शपथेवर सांगितलं होतं, "घोडा एकदम गरीब आहे, पोराने धरावा," म्हणून ते नाव. खरं तर तो रुंद छातीचा, जाड मानेचा, तोंडाचा भलता जोरकस असा दांडगेश्वर होता. पण खरेदीच्या दिवशी दादा खोगिराचं माप घेत असताना या धटिंगणाने आपली हनुवटी अलगद त्याच्या खांद्यावर टेकवली होती आणि माप पूर्ण होईपर्यंत तो हलला नव्हता. नऊ वर्षं दादा प्रत्येक घोड्याच्या जवळ जाताना आतून आकसत होता, त्या दिवशी पहिल्यांदा आकसला नाही. हे त्याने कोणाला सांगितलं नाही, फक्त बहिणीला म्हणाला, "हा घे. माझ्या शब्दावर घे." बहिणीने घेतला.

दोन वर्षं झाली, आणि दादाचा शब्द चांगलाच महागात पडायला लागला. बहीण स्वतः बसली की गरीब लोण्यासारखा वागे. शिकाऊ माणूस बसलं की संपलं. एका दंतवैद्याला त्याने मैदानातून फाटकाबाहेर आणि तिथून थेट बसथांब्यावर नेऊन उभं केलं. एका मास्तरीणबाईंना वाळत घातलेल्या धुण्यातून नेलं. त्या पलीकडून निघाल्या तेव्हा अंगावर शेजाऱ्यांची चादर होती. दादा प्रत्येक वेळी एक पट्टा वाढवी. जेरबंद झाला, मग जबडा मिटून धरणारी पट्टी, मग तोंडात जाड लोखंडी कडी बसणारा लगाम. नुसती खोगीरभरती! घोडा दिसायला पोस्टातून पाठवायच्या पार्सलासारखा झाला, आणि जेवढे पट्टे वाढले तेवढा त्याचा जोर वाढला.

शेवटी स्वारीशाळांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाचं पत्र आलं. ‘सदर घोड्याविषयी तीन तक्रारी आहेत. शुक्रवारी तपासणी होईल. शिकवणाऱ्या व्यक्तीखेरीज, नियमित स्वारी न करणाऱ्या प्रौढ व्यक्तीने घोडा मैदानात पळवावा व शिटी वाजल्यापासून बारा पावलांच्या आत थांबवावा. अन्यथा घोडा शाळेतून काढावा.’

काढावा म्हणजे कुठे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोच दलाल परत घ्यायला तयार होता. दगडाच्या खाणीत गाडीला जुंपायला त्याला असाच जोरकस घोडा हवा होता.

बहिणीने पत्र दोनदा वाचलं आणि दादाकडे पाहिलं. "नियमित स्वारी न करणारी प्रौढ व्यक्ती," ती म्हणाली. "वहिनीचा गुडघा गेलेला. उरलं कोण?"

"रविवारच आहे अजून," दादा म्हणाला. "माझ्याकडे एक रामबाण वस्तू आहे."

ती वस्तू म्हणजे नाकपट्टीचा लगाम. तोंडात कडी नाही. नाकावरून जाणाऱ्या पट्टीला दोन्ही बाजूंना वीतभर लोखंडी दांड्या, आणि दांड्यांना लगाम. मागून जरा ओढलं की नाक आवळलं जाणार. सोमवारी आठची घंटा झाल्यावर दादाने ती स्वतःच्या नाकावर चढवली. नाकापेक्षा मोती जड असा प्रकार, पण नियम म्हणजे नियम. अडचण एवढीच की लगामाचं दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं. एरवी बहीण धरायची, पण तिची शिकवणी चालू होती. मग बायको आली.

बायकोने जन्मात लगाम हातात धरला नव्हता. पण गुडघा दुखत होता, अंगणात दगड वरखाली होते, आणि हातात दोन भक्कम पट्टे आयते मिळाले होते. तिने जिन्याचा कठडा धरावा तसे ते धरले आणि आपला निम्मा भार त्यांच्यावर टाकला.

दादा दोन बादल्या घेऊन पाण्याच्या हौदाकडे निघाला होता. नाक मागे खेचलं गेलं तसा तो साहजिकच पुढे झुकला. तो झुकला तशी बायको पुढे ओढली गेली, म्हणून तिने मागे जोर लावला. मग त्याने पुढे लावला.

"अहो, हळू!" बायको ओरडली आणि आणखी ओढलं.

"हळूच चालतोय!" दादा नाकातून ओरडला, आणि पळायला लागला. खरंच पळायला लागला. पाय थांबवले तर तोल जाणार हे त्याला कळत होतं. मागे टेकायला एक घट्ट ओढ आयती मिळाली होती आणि तिच्यावर रेलून छाती पुढे काढून तो निघाला होता. हौद मागे पडला. बादल्या वाटेत पडल्या. शिकवणीचे तीन घोडे कान टवकारून बघायला लागले. वैरणीच्या ढिगाऱ्यापाशी बायकोचा चष्मा घसरला, तो सावरायला तिने हात सोडले. त्याबरोबर दादाला रेलायला काही उरलं नाही. दोन पावलं धडपडून तो ढिगाऱ्याच्या अलीकडे आपोआप उभा राहिला.

दोघंही धापा टाकत होती.

"कशाला पळत होता एवढे?" बायको म्हणाली.

"तू ओढत होतीस म्हणून!"

"वा! तुम्ही पळत होता म्हणून मी ओढत होते!"

हे भांडण तसं त्यांच्याकडे पंचवीस वर्षं वेगवेगळ्या विषयांवर चालू होतं, त्यामुळे ते तसंच चालू राहिलं असतं. पण दादाने मधेच भांडण सोडलं. नाकावरची पट्टी न काढता तो ढिगाऱ्यावर बसला. घोडं कुठे पेंड खातंय ते त्याला दिसलं होतं.

शिकवणी सोडून बहीण आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "दादा, अरे हेच मी बारा वर्षं मैदानात घसा फोडून सांगतेय. धरा आणि सोडा, धरा आणि सोडा, लटकू नका. लटकलात की घोड्याला रेलायला मिळतं."

"मग लोक ऐकत का नाहीत?"

उत्तर बायकोने दिलं. "भीती वाटते म्हणून. मला काय तुमचं नाक ओढायची हौस होती? गुडघा दगा देईल, पडेन, असं वाटत होतं. दुसरं काही धरायला असतं तर तेच धरलं असतं की."

आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशी ही दोन वर्षांची गोष्ट होती. पट्टे सगळे घोड्याला लावले, भीत होता तो वर बसलेला माणूस. वडिलांच्या नियमाने दादा दर वेळी घोडा झाला होता. लगामाच्या दुसऱ्या टोकाचं माणूस कोणी तपासलंच नव्हतं. आणि त्या टोकाला अकरा वर्षांपूर्वी कोण बसलं होतं, हे दादाला अगदी स्वच्छ आठवत होतं. पण ते त्याने त्या दिवशी बोलून दाखवलं नाही.

त्या दुपारी गरीबच्या अंगावरून एकेक करून पट्टे उतरले. जेरबंद तेवढा सैल करून ठेवला, घोड्याच्या डोक्याचा मार स्वाराच्या नाकावर बसू नये म्हणून. लगाम साधा, जुनाच. शुक्रवारी वर बसायचं दादाने कबूल केलं. पण धरायला काय? "आयाळ धर," बहीण म्हणाली. "भीती वाटली की मूठभर आयाळ. ती ओढलेली त्याच्या तोंडाला कळत नाही."

मंगळवार ते गुरुवार सराव झाला. दादाला चढायला दहा मिनिटं लागत, उतरायला दीड सेकंद. वर असताना त्याची डावी मूठ आयाळीत अशी रुतलेली असे की बोटं पांढरी पडत. पण आयाळ हातात असली की उजव्या हाताला लगामावर लटकायची गरज पडत नव्हती. आधी चालीत जमलं, मग दुडक्या चालीत. भरधाव काही कोणी काढली नाही. "शुक्रवारी काढू," दादा म्हणाला. घोडामैदान जवळच होतं.

शुक्रवारी सकाळी दादा तबेल्यात शिरला आणि दारातच थबकला. गरीब तुकतुकीत चमकत होता. खुरांना तेल लावलेलं, शेपटी विंचरलेली, आणि आयाळ... मुळापासून कातरलेली. मानेवर नुसते बोटभर खुंट उभे होते.

बहीण हातात कात्री घेऊन मागे उभी होती. "तपासणी आहे ना, म्हटलं जरा नीटनेटका..." ती म्हणाली, आणि दादाचा चेहरा बघून तिचा आवाज तिथेच विरला. "अरे देवा."

दादा तडक वळला. सामानाच्या खोलीत जाऊन त्याने चामड्याची लांब पट्टी कापली, तिला बक्कल शिवलं, आणि वीस मिनिटांत घोड्याच्या मानेभोवती टाकायचा एक झकास गळपट्टा तयार केला. तो घेऊन बाहेर येतो तो तपासनीस बाई हजर. बुटक्याशा, गळ्यात शिटी, हातात वही आणि मोजपट्टी. साडेसात वाजले होते. बाई दारावरचा नियम वाचत उभ्या होत्या.

"हे खरंच पाळता की नुसती शोभा आहे?" त्यांनी विचारलं.

"पाळतो," बहीण मान ताठ करून म्हणाली. वडिलांच्या गोष्टीत ती मागे हटणारी नव्हती.

"उत्तम. कुठल्याच शाळेत मी असं पाहिलं नाही." बाईंनी वहीत एक नवीन रकाना आखला. "खोगीर, अंगावर घालून पाहिलं?"

"पाठीवर बांधून. बटाटे सोलले," दादा म्हणाला.

"लगाम? जेरबंद?"

"तोही. अंडं खाल्लं."

बाई खुणा करत गेल्या. मग त्यांची नजर दादाच्या हातावर पडली. "आणि हा पट्टा?"

दादाने बहिणीकडे पाहिलं, बहिणीने जमिनीकडे. "आत्ताच शिवला," तो म्हणाला.

"मग तुमच्याच नियमाप्रमाणे आज चालणार नाही." बाईंनी वही मिटली. "मला अकराला दुसरीकडे पोचायचंय. घ्या घोडा बाहेर."

दादा गरीबला घेऊन मैदानाकडे निघाला. धरायला काही नसलं की आपण काय धरणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. गरीबने मागून येऊन, अगदी पहिल्या दिवशीसारखी, त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवली, आणि दादाला भडभडून आलं. या मुक्या जीवाला आपणच आणलं, आणि आपणच खाणीत धाडणार. त्याने डोळे पुसायला हात वर घेतला, तो हात पोटावरून गेला, आणि मधेच थांबला.

"बाई!" तो ओरडला. "हा पट्टा चालेल? अकरा वर्षं अंगावर आहे. रोज. घंटा ते घंटा सोडा, सकाळ ते रात्र."

बाईंनी त्याच्या विजारीच्या पट्ट्याकडे निरखून पाहिलं. दोन बकलं, आणि पोट वाढत गेलं तशी पाडलेली चार जास्तीची भोकं. त्यांनी वहीत खूण केली. "चालेल," त्या म्हणाल्या.

बायको नेहमी त्या पोटाच्या नावाने बोटं मोडायची, पण त्या दिवशी तेच कामी आलं. पट्टा गरीबच्या मानेभोवती बरोबर बसला, वर एक भोक उरलं.

पहिली शिटी दुडक्या चालीत झाली. सात पावलं. बाईंनी मोजली, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग त्यांनी हाताने खूण केली, पळवा.

गरीबला सांगावं लागलं नाही. मैदानाची लांब बाजू समोर दिसताच त्याने मान ताणली आणि तो सुटला. वारा कानात शिरला. कुंपण समोरून यायला लागलं, तेच अकरा वर्षांपूर्वीचं, आणि दादाचे दोन्ही हात आपोआप लगामावर आवळायला निघाले. शिटी वाजली. मैदानाच्या कडेला बायको उभी होती. तिने दोन्ही हात उंच करून पंजे उघडून दाखवले, चष्मा सावरताना उघडले होते तसे.

दादाच्या डाव्या मुठीत पट्टा होता. सगळी भीती त्याने तिथे घातली. उजवी मूठ मिटली, उघडली. मिटली, उघडली. गरीबने रेलायला ओढ शोधली, मिळाली नाही. पुन्हा शोधली. मग एक मोठा उसासा टाकून तो आधी दुडक्या चालीवर आला, मग चालला, मग उभा राहिला आणि जोरात शिंकला.

बाई मोजपट्टी टाकून पावलं मोजत आल्या. "अकरा," त्या म्हणाल्या. त्यांनी पुन्हा मोजली. "अकराच. पास."

बहीण कुंपणावरून उडी मारून धावत आली. "दादा! उतर, उतर खाली!"

"नको," दादा म्हणाला.

"अभिनंदन," बाईंनी हस्तांदोलनासाठी हात वर केला. "या ना खाली."

दादाने वरूनच वाकून हात मिळवला. "इथेच बरं वाटतंय," तो म्हणाला. चेहरा लालबुंद झाला होता. विजार कुठवर आली होती हे त्याला आणि खोगिराला ठाऊक होतं.

बाई कौतुकाने मान हलवत लिहू लागल्या. लिहिता लिहिता त्यांनी मोठ्याने वाचलं, "घोडा इतका भरवशाचा की स्वार उतरायला तयार होत नाही." खाली सही केली, शिक्का मारला आणि त्या गेल्यासुद्धा.

बायकोला मात्र काय ते कळलं होतं. ती लंगडत घरात गेली आणि काहीतरी मुठीत घेऊन आली. दादाने वाकून ते घेतलं. जुन्या लगामाचा एक लांब तुकडा होता, चामडं वाळलेलं, आणि टोकाला एक पितळी बक्कल. दादाने ते ओळखलं. बकलाची चौकट, त्याची जीभ, सगळं शाबूत होतं. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"हे कुठे सापडलं तुला?" तो हळू आवाजात म्हणाला.

"रोपघरात. त्याच दिवशी. माझ्या शिवणाच्या डब्यात होतं."

"अकरा वर्षं? आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांना सांगत होता ना, तुटलं म्हणून," बायको म्हणाली. "मग असू दे म्हटलं."

दादाने अंगठ्याने बकलाची जीभ उघडून मिटली. मग म्हणाला, "बक्कल तुटलं नव्हतं गं. मी घाबरलो होतो. दोन्ही हातांनी लटकलो होतो त्याच्या तोंडाला."

"माहीत आहे," ती म्हणाली. "बांधा आता कमरेला, आणि उतरा. चहा ठेवते."

दादाने खोगिरावर बसल्या बसल्या विजार वर ओढली, तो जुना तुकडा कमरेभोवती घेतला आणि बक्कल लावलं. घट्ट बसलं. आता उतरायला काहीच हरकत नव्हती. बायको घराच्या पायरीपर्यंत पोचली, वळून पाहिलं, तर हा अजून वरच.

"अहो, उतरताय ना?"

"तू ठेव चहा," दादा म्हणाला, आणि त्याने गरीबला मैदानाच्या लांब बाजूकडे वळवलं. "एक फेरी मारून येतो."